दोलिनकर : पाचाहून कमी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

दोलिनकर! उज्ज्वलच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, डार्मश्टाटच्या त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये कुणी कोकणातली मुलगी आली. आज जेवायला आली तेव्हा कळलं. उंच, भुरे केस, स्लोव्हेनियाची. मातेया दोलिनकर. गेल्या महिन्यात त्याच्या ग्रुपमध्ये रुजू झाली.

जेवताना सगळा वेळ आडनावावर. दोलिना म्हणजे त्यांच्या भाषेत दरी. दरीतले ते दोलिनकर. उज्ज्वल हरखूनच गेला. आमच्याकडेही असंच असतं म्हणे, उमरीचे ते उमरीकर. पेपर नॅपकिनवर दोन्ही नावं देवनागरीत लिहून दाखवली. म्हणजे आपण दोघंही ‘कर’, असं जर्मनमध्ये म्हणाला आणि ती हसली.

मग तिने मला विचारलं, तुझं काय? मी म्हटलं, गजभिये. लग्नानंतर बदललं नाही. त्याचा अर्थ काय, म्हणाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात उज्ज्वल म्हणाला, ते वेगळं आहे — आणि तिला भात वाढला.

तो नॅपकिन ती जाताना घेऊन गेली. घडी घालून, पाकिटात.

११ फेब्रुवारी

स्लोव्हेनियाच्या सांख्यिकी खात्याची वेबसाइट आहे. आडनाव टाकलं की देशात त्या नावाची किती माणसं ते कळतं. दोलिनार टाकलं तर ढिगाने. दोलिनकर टाकलं तर आकडाच नाही. पाचाहून कमी असली की दाखवत नाहीत, कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून. हे उज्ज्वलने मला अशा थाटात सांगितलं, जणू त्यालाच काही बक्षीस मिळालंय. मातेया, तिचे वडील आणि मारिबोरला एक बिनलग्नाची आत्या. तीन माणसं.

मी गजभिये टाकून पाहिलं. फेसबुकवर, दुसरीकडे कुठे टाकणार? स्क्रोल करून अंगठा दुखला.

आणि आकड्याचं काय घेऊन बसलेय मी? इथल्या मराठी मंडळात त्याने उमरीकर म्हटलं की कुठली उमरी, नांदेडजवळची का, अशा गप्पा रंगतात. मी गजभिये म्हटलं की समोरची बाई ‘अच्छा’ म्हणते आणि ढोकळ्याची प्लेट पुढे करते. पुढचा प्रश्न तिला पडतच नाही. उत्तर तिला आधीच मिळालेलं असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आर्हाइल्गन उपनगरातल्या फ्लॅटची बेसिश्टिगुंग, म्हणजे घर दाखवणं, अकरा वाजता होती. दीड वर्ष घर शोधतोय आम्ही. उज्ज्वल म्हणाला, तू पुढे हो, मी परस्पर येतो. आला नाही.

मातेयाच्या वडिलांनी गावच्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो पाठवलेत. बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. जुनं हस्ताक्षर कॉम्प्युटरला वाचायला शिकवणं हेच उज्ज्वलचं संशोधन, त्यामुळे हे कामच आहे असं त्याचं म्हणणं. शनिवारी!

घर बघायला जिन्यापर्यंत रांग. सगळ्या जोड्या. घरमालकिणीने विचारलं, नवरा नाही आला? मी म्हटलं, कामावर आहे. तिने वहीत माझ्या नावापुढे काहीतरी खूण केली.

१६ फेब्रुवारी

तिचा मेसेज त्याच्या फोनवर चमकला. शेवटी तीन उद्गारचिन्हं. मोजली.

२२ फेब्रुवारी

शोधायला काय, मलाही येतं. तो दुपारी बाहेर गेल्यावर मी जर्मनीची टेलिफोन डिरेक्टरी उघडली. संपूर्ण देशात एकच नोंद. दोलिनकर, आंतोन. त्सुफेनहाउझेन, स्टुटगार्ट.

चौथा! तिला ठाऊक नसलेला चौथा, आणि सापडला मला. उज्ज्वलला नाही, त्याच्या प्रोग्रामला नाही. मला.

लगेच फोन लावला. म्हातारा आवाज, स्टुटगार्टकडच्या स्वाबियन वळणाचं जर्मन. मी सांगितलं, मी भारतीय आहे, तुमच्या आडनावाबद्दल विचारायचंय. म्हणाले, छप्पन्न वर्षं इथे राहतो, हे कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी या.

२ मार्च, रविवार

उज्ज्वलला सांगितलं कुसुमकडे स्टुटगार्टला जाते. कुसुम माझी कॉलेजातली मैत्रीण, तो तिला फोन करणार नाही हे माहीत होतं. त्सुफेनहाउझेनला उतरले.

आंतोन दोलिनकर, वय एक्क्याऐंशी. एकोणसत्तर साली गाड्यांच्या कारखान्यात कामाला आले, तिथेच निवृत्त झाले. बायको चार वर्षांपूर्वी गेली. दोन खोल्या, लख्ख. माझ्यासाठी अक्रोडाचा केक आणून ठेवला होता.

नावाची गोष्ट त्यांनी अशी सांगितली. त्यांच्या डोंगरात माणसाला आडनाव एक आणि घराला नाव दुसरं. दोलिनकर हे घराचं नाव होतं, दरीच्या तोंडाशी असलेल्या घराचं. ते घर नेझा नावाच्या मुलीचं. बाप नाही, भाऊ नाही. पणजोबा तिथे घरजावई म्हणून गेले. त्यांचं जन्माचं आडनाव काव्चिच. पण गावात कुणी त्यांना काव्चिच म्हणेना, नेझाच्या दोलिनकरांकडचा म्हणत. पहिलं मूल झालं तेव्हा नव्या पाद्र्याने गावकरी बोलतात तेच वहीत लिहिलं. तेव्हापासून दोलिनकर.

म्हणजे मातेया खरं तर काव्चिच. तिकडे काव्चिच पैशाला पासरी, त्यांनीच सांगितलं! इतका आनंद झाला मला की केकचा दुसरा तुकडा मागून घेतला.

मग मी मातेयाचं नाव काढलं. तिचे वडील स्टान्को, असं म्हटलं आणि त्यांनी कप खाली ठेवला. स्टान्को त्यांचा धाकटा भाऊ. आंतोन यांनी इथे घटस्फोटित जर्मन बाईशी लग्न केलं तेव्हा वडिलांनी घरात त्यांचं नाव काढायला बंदी केली. पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. वडील वारल्याचंही दुसऱ्याकडून कळलं.

‘स्टान्कोला मुलगी आहे?’ त्यांनी विचारलं.

‘हो. डार्मश्टाटला असते. इथून दीड तासावर.’

निघताना माझा हात धरून म्हणाले, ‘तिला सांगा. मी रविवारी घरीच असतो.’

मी म्हटलं, नक्की.

३ मार्च

नाही सांगितलं. उद्या सांगेन.

९ मार्च

उज्ज्वल आणि मातेयाचा शोध १८८७ला येऊन अडकलाय. त्याआधी एकही दोलिनकर सापडत नाही. मातेया ऑफिसात रडली म्हणे. उज्ज्वलने तिला चहा करून दिला. घरी त्याला चहाची पूड कुठे असते ते माहीत नाही.

मी भांडी विसळत ऐकत होते. सगळं माहीत असून गप्प राहायचं. जिभेखाली खडीसाखर ठेवल्यासारखं. विरघळू द्यायची, चावायची नाही.

१६ मार्च

आंतोन आजोबांचा फोन. ती येणार आहे का? मी म्हटलं, ती सध्या कॉन्फरन्सला गेलीय. बरं, म्हणाले. केक आणून ठेवला होता, शेजारणीला देतो.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. तरीही नाही सांगितलं. हे इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

२३ मार्च, रविवार

भांडलो. आर्हाइल्गनच्या फ्लॅटला नकार आला आणि ठिणगी पडली. मी म्हटलं, तू आला असतास तर मिळाला असता. तू दुसऱ्यांच्या खापरपणज्या शोधत बसलायस. सहा वर्षांत माझ्या आडनावाबद्दल एकदा तरी विचारलंस?

त्याने चमचा खाली ठेवला. ‘तिच्या नावाच्या मागे गेलं की एक दरी लागते, यामिनी. आपल्या नावांच्या मागे गेलं की काय लागतं, ते तुला विचारायला हवं?’

मग आपण होऊन बोलला. त्याच्या आजोबांची एकाहत्तर साली पुण्याला बदली झाली. जुन्या आडनावावर कुणी खोली देईना. महिनाभर ऑफिसात टेबलावर झोपले, मग गॅझेटमध्ये नाव बदललं. उमरी हे नुसतं गाव, कुणाचंही असू शकतं. जुने कागद त्यांनी जाळले. घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. ‘मला ते माहीतच नाही,’ म्हणाला. लग्नाआधीही हेच म्हणाला होता, पण तेव्हा मी इतकं मनावर घेतलं नव्हतं. आज त्याचा चेहरा बघवेना. मी त्याचा हात धरला.

हात धरलेलाच होता म्हणून धीर झाला. आंतोन आजोबांचं सगळं सांगितलं.

त्याने हात सोडवून घेतला. ‘तीन आठवडे?’

लगेच फोन लावला आम्ही. कुणी उचलला नाही. मग त्याने मातेयाला फोन केला, दुसऱ्या खोलीत जाऊन.

२४ मार्च

आज फोन शेजारणीने उचलला, झाडांना पाणी घालायला आली होती. आंतोन आजोबा बुधवारपासून इस्पितळात आहेत. पक्षाघात.

२९ मार्च, शनिवार

स्टुटगार्टला इस्पितळात गेलो. मी, उज्ज्वल, मातेया. तिचे वडील स्लोव्हेनियाहून आठ तास गाडी चालवून आले. सत्तरीचा माणूस, टोपी हातात, दारातच उभे राहिले.

आजोबांची उजवी बाजू गेलीय. समजतं सगळं, शब्द येत नाहीत. मला ओळखलं. मग भावाकडे बघितलं आणि डावा हात चादरीवरून थोडा उचलला. स्टान्को आत आले, खुर्ची असताना पलंगाच्या कडेला बसले. छप्पन्न वर्षांनी. दोघांपैकी एकालाच बोलता येत होतं आणि तोही बोलत नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं, नावाची गोष्ट आता त्या खोलीत फक्त मला सांगता येणार होती.

सांगितली. नेझा, घरजावई, काव्चिच, नवा पाद्री. एखादा तपशील चुकला की आजोबा मान हलवायचे, मी सुधारायचे. दरीच्या ‘तोंडाशी’ म्हणायचं होतं, मी ‘तळाशी’ म्हटलं, तर त्यांनी डोळे मोठे केले. मातेया वडिलांसाठी त्यांच्या भाषेत बोलत गेली. स्टान्कोंना नेझाचं नावही माहीत नव्हतं.

नंतर कॉरिडॉरमध्ये मातेयाने विचारलं, ‘तुला हे कधीपासून माहीत होतं?’

‘दोन मार्चपासून. तेव्हा ते बोलत होते.’

‘का नाही सांगितलंस?’

खोटं सुचत होतं, पण म्हटलं, ‘मला तुझा हेवा वाटत होता. तुझ्या नावाचा. आणि उज्ज्वल तुझ्याशी बोलताना जसा असतो, त्याचा.’

रागावली असती तर बरं झालं असतं. आत जाऊन म्हणाली, पहिल्यापासून पुन्हा सांग, मी फोनवर रेकॉर्ड करते. पुन्हा सांगितली. या वेळी ‘तोंडाशी’च म्हटलं.

६ एप्रिल

गेला आठवडा शांत. उज्ज्वल जास्त बोलत नाही, पण रागावलेलाही नाही. काल त्याने आपण होऊन विचारलं, गजभिये कुठून आलं असेल? मी माझ्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं, तो ऐकत राहिला. विषय बदलला नाही.

स्टुटगार्टहून परत येताना ट्रेनमध्ये तो झोपला होता, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. ते त्या दिवशी लिहायचं राहिलं. हेवा गेलाय, असं वाटतंय. निदान बसलाय. इतक्या दिवसांनी घरात श्वास घेता येतोय.

१९ एप्रिल

मातेयाचा फोन. आंतोन आजोबांना रेहामध्ये, पुनर्वसन केंद्रात, हलवलं, ‘स्टान्को’ एवढं स्पष्ट म्हणतात आता. उद्या ईस्टरला तिचे वडील पुन्हा येतील. माझे आभार मानले. मग म्हणाली, आम्हीही आधी कुणी वेगळेच होतो याचं तिला वाईट वाटत नाही. नावं बदलतातच, तुमच्याकडे नाही का — आणि एक शब्द म्हणाली. कोब्रागाडे. मला कळेना. तिने सावकाश पुन्हा म्हटलं, उज्ज्वलने त्या पहिल्या दिवशीच्या नॅपकिनवर नंतर ऑफिसात लिहून दिलं होतं म्हणे, तिसरं नाव, त्याच्या आजोबांचं.

खोब्रागडे.

सहा वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.