पाच चिमटे

९ फेब्रुवारी, शनिवार

बाबा एकटे राहू शकतील का?

माहीत नाही. खरंच माहीत नाही. सॅफर्डच्या शाळेचं पत्र आठवड्यापासून उशीखाली आहे – विज्ञान शिकवायला या, मार्चपासून, एक तारखेच्या आत कळवा. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हेच तर हवं होतं मला! पण आई गेल्यानंतरचा बाबांचा हा पहिलाच हिवाळा. चौतीस फुटांची घरगाडी, मागे ओढायची जीप, आणि आजूबाजूला क्वार्टझसाइट गावाबाहेरचं वाळवंट.

बाबांना पत्राबद्दल सांगितलं. म्हणाले, "मग जा की." आणि कढईतल्या बीन्स ढवळत राहिले.

११ फेब्रुवारी

आज बाबांना पुन्हा जीप जोडताना पाहिलं. शेजारची अर्लीनमावशी पलीकडे राहायला गेली, तिची जड पेटाऱ्यांची ओढगाडी त्यांनीच जीपला जोडून नेऊन दिली आणि मग आपली जीप घरगाडीला जोडून सराव करून घेतला. किती शांतपणे करतात! घरगाडीमागच्या ओढायच्या दांड्याचे दोन हात जीपला अडकवले – खट्, खट्. मग साखळ्या. मग दिव्यांची वायर. मग किल्ली अर्धी फिरवून ठेवायची, म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहतं. शेवटी गिअरशेजारचा छोटा दांडा न्यूट्रलला, की चाकांचा इंजिनाशी संबंध संपला. जीप चारही चाकांवर आपली निमूट मागे येते, आत कुणी नसतं.

या पाचही जागांवर एकेक लाकडी चिमटा लावलेला असतो. आईचे, कपडे वाळत घालायचे. काम झालं की बाबा तिथला चिमटा काढून शर्टाच्या कडेला लावतात. शेवटी घरगाडीत बसून शर्टाच्या कडेवरून बोटं फिरवतात. पाच लागले तरच किल्लीला हात!

आणि जोडणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. इथला अलिखित नियम. आग लागली तरच हाक मारायची, असं अर्लीनमावशी म्हणते.

१३ फेब्रुवारी

मला राहवलं नाही. यादी केली. सतरा मुद्दे, हँडब्रेकसकट, गावातून प्लॅस्टिक चढवून आणली. वैमानिकसुद्धा असंच करतात – एकजण वाचतो, दुसरा करून उत्तर देतो. चिमटा वाऱ्याने उडू शकतो, माणूस पाचऐवजी चार मोजू शकतो. मी गेल्यावर बाबा सुरक्षित राहावेत, एवढंच.

बाबांनी यादी लांब धरून पाहिली. "प्रोफेसरीणबाई, माझे पाच चिमटे आणि तुझ्या सतरा ओळी!"

"एकदा करून तर बघा, बाबा."

"बरं. तू वाच."

त्यांनी चिमटे स्वतःच खणात ठेवले. मला फार बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार



इथे एका जागी चौदाच दिवस राहता येतं; आमचे भरले, जागा बदलायची होती. मी यादी घेऊन उभी. "साखळ्या?" "झालं." "वायर?" "झालं." सगळं सुरेख चाललं होतं. बाबा जीपच्या दारातून आत वाकले होते. तेवढ्यात शेजारच्या तंबूतला ड्वेन संत्र्याच्या मुरंब्याची बाटली घेऊन निरोप द्यायला आला. मी त्याचे आभार मानले, आणि ओळ चुकू नये म्हणून घाईने विचारलं, "छोटा दांडा न्यूट्रल?"

"झालं."

"हँडब्रेक?"

"झालं."

निघालो. एवढ्या मोठ्या गाडीत मागचं काही कळत नाही. ऐंशी-नव्वद पावलं गेलो असू, तर अर्लीनमावशी लंगडत धावत आली आणि पत्र्यावर धाडधाड हात मारायला लागली. "थांब, वेंडेल! थांब मेल्या! तुझी जीप घासत येतेय!"

खाली उतरलो. मागची चाकं फिरतच नव्हती. खडीत दोन लांब ओरखडे, रबराचा वास. छोटा दांडा होता तिथेच होता, जीप गिअरमध्ये. हमरस्त्याला लागलो असतो तर दहा मिनिटांत इंजिनाचे तुकडे झाले असते.

बाबांनी दांडा सरकवला. बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं. काही बिघडलं नव्हतं. देवाची कृपा!

अर्लीनमावशी माझ्याकडे वळली. "जोडणाऱ्याशी बोलतं का गं कुणी? कॉलेजात हेच शिकवलं का तुला?"

"तिला काही बोलू नकोस," बाबा म्हणाले. "'झालं' असं मी म्हणालो. मी."

१७ फेब्रुवारी

काल निघणं राहिलंच; बाबा अजून गाडी हलवायला तयार नाहीत. यादी आरशाखाली तशीच टांगलेली.

१८ फेब्रुवारी

ड्वेनच्या तंबूत मी कॉफी आणायला गेले तर बाबांचा आवाज ऐकू आला. "जीप घेतोस का? मला नको आता. लक्ष राहत नाही."

ड्वेन हसला. "अरे, तू जीप विकलीस तर अर्लीनला दवाखान्यात कोण नेणार? मी? माझ्या स्कूटरवर? बसेल का ती?"

बाबा हसले नाहीत.

त्या जीपमध्ये त्यांनी आईला डोंगरातल्या सगळ्या जुन्या खाणी दाखवल्या. जीप गेली तर ते या खडीत खुर्ची टाकून बसतील आणि उठणार नाहीत. मला दिसतंय ते. आणि हे माझ्यामुळे.

परत येताना त्यांना गाठलं. "बाबा, तुम्ही छोट्या दांड्याला हात लावला होतात ना तेव्हा?"

"लावला होता."

"मग?"

ते थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली. "तू विचारलंस. तू काही विचारलंस की मी आधी तुला उत्तर देतो. तू दोन वर्षांची होतीस तेव्हापासून तसंच आहे. तोंडाने झालं म्हटलं, की हाताला वाटतं झालं."

 सतरा मुद्द्यांत हा कुठेच नव्हता.

२० फेब्रुवारी

सकाळी यादीचे कात्रीने चार तुकडे केले. खणातून चिमटे काढले आणि बाबा दाढी करत होते तोवर जाऊन लावून आले – दांड्याला, साखळीला, वायरीला, किल्लीशेजारी, छोट्या दांड्यावर.

बाबा बाहेर आले. चिमटे पाहिले. म्हणाले, "कशाला? विकायची आहे."

"विकायची तर विका. पण आपल्याला जागा बदलायचीच आहे, जाता जाता ड्वेनकडे सोडा. जोडा."

अर्लीनमावशीने खुर्ची ओढली आणि आल्यागेल्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. स्वतःच्या कुत्र्यालासुद्धा! मी पायरीवर बसले, तळहात मांडीखाली दाबून.

खट्. खट्. चिमटा शर्टाला. साखळ्या – वाकून, एकेक कडी बोटाने चाचपत. चिमटा. वायर. चिमटा. मग आत वाकले. फार वेळ लागला. दोनदा वाटलं विचारावं. ओठ चावले.

चौथा. पाचवा.

घरगाडीत बसून शर्टाच्या कडेवरून बोटं फिरवली त्यांनी. पुन्हा एकदा फिरवली. मग पाचही चिमटे समोरच्या ऊन अडवायच्या झडपेला ओळीने लावले आणि निघाले, ड्वेनच्या जागेकडे नाही, सरळ रस्त्याकडे. अर्लीनमावशी जीपच्या बाजूने लंगडत चालत होती. "फिरतायत! चारही फिरतायत, वेंडेल!"

इतकी नेटकी माणसं मी कुठल्या वर्गात पाहिली नाहीत. त्यांची एक पद्धत असते, ती त्यांच्या हातात असते. मी ती कागदावर घ्यायला निघाले होते.

२ मार्च, सॅफर्ड

बाबा मला सोडून आज सकाळी परत निघाले. शाळेमागच्या मैदानात जीप जोडत होते. मी माझ्या खोलीत होते. पडदा ओढून घेतला, गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत उघडला नाही.

होकार मी एकोणीस तारखेलाच पाठवला होता. चिमटे लावायच्या आदल्या दिवशी, बाबा पुन्हा जोडतील की नाही हे कळायच्या आधीच.