पेरूच्या फांदीची जागा

नंदनवन, रविवार संध्याकाळ

आठवडाभर घरात नुसती धावपळ. अंगणातलं पेरूचं झाड मीच हट्टाने तोडायला लावलं, तिथे फरशी घातली, कुंड्या मांडल्या. आज ऑफिसातल्या मैत्रिणींना नवी बाग दाखवली. सुनीता आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती. फरशीवरून चालताना ती मधेच खाली वाकली. पेरूची आडवी फांदी बरोबर तिथेच होती, सोमवारपर्यंत.

"काहून वाकली वं?" मी विचारलं.

"डोक्याले लागलं असतं ना," ती सहज म्हणाली. मग तिने वर पाहिलं, तर नुसतं मोकळं आभाळ.

मी तिला झाडाचं सांगितलंच नाही. का नाही सांगितलं? सगळ्या गेल्यावर फाटक लावून परत फिरले, तर त्या जागेखालून सरळ चालवेना. वाकायचंही धाडस झालं नाही. भिंतीच्या कडेकडेने घरात आले.