माझ्या सीटवर दिसतं

२ फेब्रुवारी २००४, सोमवार
वेब पेज तयार. आजवर दौंडच्या ऑफिसातून नवी ड्रॉइंगं फ्लॉपीवर, हरिबाच्या टेंपोतून इथं रांजणगावच्या कारखान्यात यायची. आता पेजवर क्लिक केलं की दौंडच्या कॉम्प्युटरवरची फाइल इथं उघडणार. माझ्या सीटवर, म्हणजे पेज ठेवलेल्या सर्व्हरवरच, उघडली. हरिबाला सांगितलं, उद्यापासून फ्लॉपी आणू नकोस. तो म्हणाला, बघा बरं सायेब, मागनं पळापळ नको. याला नेटवर्क काय कळणार.
प्लँट मॅनेजर पोपटराव साहेबांना कळवलं, सिस्टिम चालू. एक तारखेला मी पर्मनंट, असं धरायला हरकत नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ११
मशिन शॉपमधून नवनाथ आला. कॉन्ट्रॅक्टवरचा ऑपरेटर. पेजवर 'ॲक्सेस डिनाइड' येतंय म्हणाला. माझ्या सीटवर दिसतं. त्याला सांगितलं, नीट बघ.
दुपारी ४. पुन्हा आला. पुन्हा सांगितलं.

४ फेब्रुवारी, बुधवार
मशिन शॉपचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. तेच. स्टोअरमधूनही तेच. स्टोअरचाही फॉरमॅट करावा लागणार.
दौंडहून करुणाचा फोन. तिकडचा फाइलींचा कॉम्प्युटर ती सांभाळते. म्हणाली, सर, सर्व्हरवर बसून तुम्ही फाइल उघडता तवा तुमच्या नावानं उघडते. दुसऱ्यानं पेज उघडलं की वेब सर्व्हर स्वतःच्या खात्यानं इकडं येतो, आन् ते खातं आमच्या मशिनला ठाऊकच न्हाई. दोन्हीकडं एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं खातं काढू या.
बघतो म्हटलं. तिच्याआधी मी स्वतः शोधून काढणार. निश्चय.
जेवायचं राहिलं. भूकही नव्हती.

५ फेब्रुवारी, गुरुवार
करुणाला सांगून दौंडच्या फोल्डरवर 'एव्हरीवन'ला परवानगी द्यायला लावली. तरी डिनाइड. एव्हरीवनमध्ये आम्ही येत नाही, असं दिसतं.
संध्याकाळी गडबड. नवं ड्रॉइंग न मिळाल्यामुळं नवनाथनं जुन्यावर पाइप जोडायच्या चकत्यांचे, म्हणजे फ्लँजचे, तीनशे नग काढले. भोकं दोन मिलिमीटर बाहेर. लॉट भंगारात. साहेबांनी मला विचारलं, नवं ड्रॉइंग पेजवर होतं का? होतं म्हटलं. खोटं नाही. माझ्या सीटवर होतं.
नवनाथचा गेटपास काढून घेतला. तो माझ्याकडं बघत होता. मी स्क्रीनकडं. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं बहुतेक.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेबांनी बोलावलं म्हणून करुणा सकाळच्या एसटीनं आली. माझ्याच खुर्चीत बसली. इथं एक खातं काढलं, तेच वेब सर्व्हरला लावलं. दौंडला फोन करून तिथंही तसंच काढायला सांगितलं, आणि त्याला फोल्डर वाचायची परवानगी. मशिन शॉपमध्ये ड्रॉइंग उघडलं. मी आज तेच करणार होतो.
मग तिनं साहेबांना सर्व्हरचा लॉग दाखवला. मंगळवारपासून गुरुवारपर्यंत मशिन शॉपमधून एकेचाळीस वेळा पेज उघडायचा प्रयत्न. एकेचाळीस वेळा नकार. मी लॉग कधी उघडला नव्हता.
साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, पर्मनंटचं विसरा. आणि त्या माणसाला तुम्ही स्वतः जाऊन घेऊन या.

७ फेब्रुवारी, शनिवार
कारेगावात नवनाथची खोली सापडली. बॅग भरलेली. गावी निघाला होता. बायकोनं चहा टाकला. मी ठरवून गेलो होतो, सरळ सांगायचं, चूक माझी. वाक्य रस्त्यात तीनदा म्हणूनही पाहिलं होतं.
बसायच्या आधीच तो म्हणाला, सायेब, माझ्यापायी तुमाला बोलणी बसली आसतील. मला त्या कॉम्प्युटरातलं काय कळत न्हाई. माफी करा.
मी म्हटलं, असू दे.