माजी उपाध्यक्षांची तक्रार

१६ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या वकिलांच्या आठवणी पुढे कधीतरी छापल्या जातात, तेव्हा कच्चा माल हाताशी हवा.

कोर्टातून येताना काचीगुड्याला गफूरभाईंच्या हॉटेलात चहा घेतला. ते मला कायम 'आइए वकील साब' म्हणतात. आज मोबाइल पुढे करून म्हणाले, वकील साब, ये मेघना मॅडम आपके पास सीखे ना? क्या समझाते जी, एक मिनट में पूरा कानून!

मोबाइलवर मेघना. माझी जुनी ज्युनियर. चार वर्षं माझ्या फायली उचलल्या, आता दिलसुखनगरला स्वतःचं ऑफिस आणि इन्स्टाग्रामवर रील्स. भाडेकरू घर सोडत नाही? तो मेरी बात सुनो. अर्धं हिंदी, अर्धं तेलुगू, मधेच आपलं हैदराबादी 'नक्को'. पाठीमागे एक हिरवंगार झाड ठेवलेलं.

भाडेकरूचा मुद्दा मी शिकवला. झाड मी शिकवलं नाही.

मला हेवा वगैरे वाटत नाही. फक्त नोंद.

१८ जून

इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. निव्वळ पुराव्यासाठी. वकिलाने स्वतःची जाहिरात करणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. शिस्तपालन समिती वकिलीची सनदसुद्धा निलंबित करू शकते. तेवढं टोकाचं माझ्या मनात नाही. पण मुलीला समज मिळायला हवी. तिच्याच भल्यासाठी.

सगळ्या रील्स पाहिल्या. खालची अक्षरं बारीक. फोटो मोठा करायला बोटाने दोनदा टकटक करतो तशी केली. मोठं काही होत नाही, नुसता लाल बदाम उमटतो. ॲप साधारणच आहे. प्रत्येक रीलचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला.

इंदूने मागून डोकावून विचारलं, अहो, इतकं काय बघताय? काम, म्हटलं. तर म्हणते, मेघना ना? मीपण फॉलो करते तिला. किती सोपं करून सांगते!

माझं बोलणं कठीण आहे, असं तिला लग्नानंतर इतक्या वर्षांनी सुचवायचं होतं का? विचारलं नाही.

२३ जून, सोमवार

हिम्मतराव आले. यांच्या दुकानातला भाडेकरू काढायचा दावा माझ्याकडे नऊ वर्षं आहे. वकील बदलायचा असेल तर जुन्या वकिलाने नव्याच्या वकालतनाम्यावर 'हरकत नाही' असं लिहून सही द्यायची, अशी आमच्यात रीत. हिम्मतरावांनी तो कागद पुढे केला. नव्या वकिलाचं नाव वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मेघनाच.

म्हटलं, हिम्मतराव, नऊ वर्षं केस सांभाळली मी.

म्हणाले, तेच तर झालं साहेब. सांभाळलीच नुसती.

कागद ठेवून जा म्हटलं. सही करीन. घाई कसली.

३० जून

तक्रार तयार. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर लागतं, पण वरचं पत्र माझ्या लेटरहेडवर. लेटरहेड म्हणजे माझा अभिमान. वर तराजू, खाली सोनेरी शाईत: अनंत नामदेवराव हुमनाबादकर, ॲडव्होकेट. माजी उपाध्यक्ष, वकील संघटना. भाडे व मालमत्ता खटल्यांचे तज्ज्ञ. उपाध्यक्ष मी अकराच महिने होतो. पण माजी उपाध्यक्ष तर कायमचाच आहे.

पत्रात नियम ३६ उतरवला. नियम फार लांब आहे. 'वकिलाने जाहिरात करू नये' एवढी सुरुवात पुरली. पुढे पाट्या, छापील कागद असलं काहीबाही आहे. ते नव्या पोरांसाठी असावं.

स्क्रीनशॉटच्या कलर प्रिंट काढल्या. परिणाम चांगला होतो.

११ जुलै

मेघनाचा मेसेज. सर, आजच बघितलं, तुम्ही माझी एकेक रील लाइक केलीत! रडूच आलं. मी वेगळी झाले म्हणून तुम्ही रागावलात असं वाटायचं.

कसलं लाइक? इंदूला विचारलं. ती हसत सुटली. दोनदा टकटक केली की लाइक जातो म्हणे. तोच तो बदाम.

तक्रार जाऊन आठवडा झाला. सोबत स्क्रीनशॉट. प्रत्येक स्क्रीनशॉटवर बदाम. झेरॉक्स काळीपांढरी असती तर कळलं नसतं.

काही बिघडत नाही. समितीतले लोक पोक्त आहेत. त्यांना तरी बदाम कुठे कळतोय?

८ ऑगस्ट, शुक्रवार

मेघनाला नोटीस पोचली. बार रूममध्ये सगळे तिच्याभोवती. दोन सीनियर वकील तर तिची बाजू फुकट मांडायला तयार. मी टायफॉइडने आजारी होतो तेव्हा यांतल्या एकानेही माझी तारीख पुढे मागून घेतली नव्हती. मेघनाने घेतली होती, पण ती तेव्हा ज्युनियर होती, तिचं कामच होतं.

माझ्याजवळ आली. भांडेल असं वाटून मी दोन वाक्यं तयार ठेवली होती. ती म्हणाली, सर, पोस्टाने कशाला? एक हाक मारली असतीत तर आले असते.

तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हटलं. जरा हळूच म्हटलं गेलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कौन्सिलकडून मलाही पाकीट. वाटलं, तक्रार नेटकी लिहिल्याबद्दल काही असेल.

समितीने माझ्या लेटरहेडची स्वतःहून दखल घेतली आहे. नियम ३६ मधलं मी गाळलेलं वाक्य त्यांनी मला पूर्ण उतरवून पाठवलं: पाटीवर किंवा छापील कागदावर वकिलाने आपण एखाद्या संघटनेचा पदाधिकारी आहोत वा होतो, किंवा अमुक कामातले तज्ज्ञ आहोत, असं लिहू नये. सनद निलंबित का करू नये, याचं कारण दाखवा. शेवटी एक ओळ: तक्रारदाराने सर्व रील्स पसंत केल्याचं दिसतं, त्याचाही खुलासा करावा.

पोक्त लोकांना बदाम कळतो.

भिंतीवरची सनद बाबांनी फ्रेम करून दिलेली. बाबा कोर्टात नकला उतरवायचे. आयुष्यभर दुसऱ्या वकिलांची नावं लिहिली. माझं नाव फ्रेममध्ये घालताना काच त्यांनी स्वतः पुसली होती. आज मी पुसली. धूळ नव्हती.

ठराव: घाबरायचं नाही. उत्तम वकील द्यायचा. म्हणजे मीच.

३ सप्टेंबर

खुलासा लिहिला. इंदूला वाचून दाखवला. ती म्हणाली, अहो, तुम्ही माजी उपाध्यक्ष आहात हे यात चार ठिकाणी आलंय.

त्या दोन सीनियरांना फोन केले. एक दिल्लीला निघालेत. दुसऱ्यांचा गुडघा दुखतोय. बार रूममध्ये दुखत नव्हता.

इंदू म्हणाली, मेघनाला विचारू या का? म्हटलं, मेलो तरी नाही. म्हणाली, बरं झालं सांगितलंत, मी सकाळीच विचारलं. ती येतेय.

मेघना आली. येताना रील्समधल्या त्या झाडाचं एक रोप आणलं, कुंडीसकट. सर, ऑफिसात ठेवा, पाणी फार लागत नाही. मग वकालतनामा पुढे केला. म्हणाली, सर, आधी तुमची तक्रार मागे घ्या, नाहीतर मी तुमच्याकडून उभी कशी राहणार?

मोठ्या मनाने मागे घेतली. सही करताना तिने बोट ठेवून दाखवलं, इथे. असंच बोट ठेवून मी तिला शिकवलं होतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुनावणी. तक्रार मागे घेतलेली, त्यामुळे मेघनाचं प्रकरण पाच मिनिटांत संपलं. रील्सच्या खात्यावरून ऑफिसचा पत्ता काढा, कायद्याची माहिती द्यायला हरकत नाही.

मग माझं. मी मागच्या खुर्चीत, अशिलांच्या. या खुर्चीला पाठ टेकत नाही, हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही.

मेघना उभी राहिली. म्हणाली, जाहिरातीचा हेतू पक्षकार ओढण्याचा असतो. मी स्वतः या ऑफिसात चार वर्षं होते. हे लेटरहेड वाचून आलेला एकही पक्षकार मी पाहिला नाही. उलट माझ्या माहितीप्रमाणे असलेले पक्षकारही गेले. याला जाहिरात म्हणणं जाहिरातीवर अन्याय होईल.

समितीतले तिघेही हसले. मधल्यांनी डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहून विचारलं, हे खरं आहे का?

माझ्याकडे सडेतोड उत्तर होतं. २००९ साली उप्पलचे एक गृहस्थ लेटरहेड पाहूनच आले होते. त्यांचं नाव, गाव, दाव्याचा नंबर, सगळं ओठांवर आलं. पण ते सांगितलं असतं तर सनद गेली असती.

खरं आहे, म्हटलं.

ताकीद देऊन सोडलं. बदामांबद्दल मेघनाने सांगितलं, सरांना माझं कौतुक आहे, बोलून दाखवत नाहीत. त्याचाही मी इन्कार केला नाही. करता येत नव्हता.

२५ सप्टेंबर

नवं लेटरहेड छापून आलं. नाव आणि पत्ता. कागद फार पांढरा दिसतो. पहिलाच कागद काढून हिम्मतरावांना कळवलं, की त्यांच्या वकालतनाम्यावर 'हरकत नाही' लिहून सही केली आहे, घेऊन जावा.

रोप ऑफिसात खिडकीशी ठेवलं. मागे ठेवल्यावर माणूस खरंच जरा बरा दिसतो.

संध्याकाळी गफूरभाईंकडे गेलो. गल्ल्यावर त्यांचा नवा मॅनेजर होता. मला निरखून बघत राहिला. मग तोंड भरून हसला. आव साब, बैठो. आप मेघना मॅडम के मुवक्किल हैं ना? गफूरभाई बोले, क्या जबरदस्त बचाए मॅडम आपको!

मुवक्किल. म्हणजे अशील.

हौ, म्हटलं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. मॅडमच्या माणसांकडून घेत नाहीत म्हणे.