तिसऱ्या ओळीतली चूक

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण खुर्चीवर बसून तो घालता येत नाही, आणि न घातलेला नमस्कार लिहिणं म्हणजे कागदावर खोटं बोलणंच.) तुझा कोपर कसा आहे? 'बरा आहे' म्हणू नकोस. मागच्या वेळी तसं म्हणताना तू इस्त्री डाव्या हाताने फिरवत होतीस. मी ठीक आहे.

बसस्थानकावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर मला बसवलंय, हे तुला माहीतच आहे. घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी, आणि दिवसभर लोकांच्या छत्र्या सांभाळते. पण काम जोखमीचं आहे. वस्तू भलत्याच्या हातात गेली तर, या धास्तीने मला जेवण जात नाही. (जातं, पण चवीने नाही.) माझी ही तऱ्हा बघून साहेबांनी एक पुस्तिका दिली: खोटं बोलणाऱ्याची आठ लक्षणं. नजर चुकवणं, नाक खाजवणं, अडखळणं, घाम फुटणं, अशी. मी ती पाठ केली आणि आरशासमोर उभी राहून स्वतःचं नाव-गाव सांगून बघितलं, तर सात लक्षणं माझ्यातच निघाली. आठवं मिशी कुरवाळण्याचं होतं.

मंगळवारी एक म्हातारबाबा आले. रस्त्याच्या कडेला बसून लोकांचे ओळखपत्रासाठी फोटो काढतात. कॅमेरा बसमध्ये राहिला आणि तीन दिवस धंदा बंद. कॅमेरा माझ्या मागच्याच कपाटात होता. पण बाबा जमिनीकडे बघत बोलत होते, नाक खाजवत होते, पट्टा काळा की तपकिरी हेही त्यांना धड सांगता येईना. मी बोटांवर लक्षणं मोजली, फॉर्म भरून घेतला आणि 'चौकशी करून कळवते' म्हणून त्यांना वाटेला लावलं. ते वाटेला लागले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसले, आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच येऊन बसले.

बुधवारी एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट (तुझ्या तोडीची नव्हे, कॉलरला चुण्या होत्या), डोळ्याला डोळा भिडवून बोलणं. कॅमेरा, पट्टा, पट्ट्याचा रंग, सगळं तोंडपाठ. लक्षण औषधालाही नाही. (आदल्या दिवशी रांगेत ते बाबांच्याच मागे उभे होते आणि कपाट मी सताड उघडं ठेवलं होतं, हे नंतर आठवलं.) मी कपाटाला किल्ली लावली, तेवढ्यात बाकावरच्या बाबांकडे लक्ष गेलं. ते तक्रार करत नव्हते, नुसते बघत होते. मला दरदरून घाम फुटला, चष्म्यावर वाफ धरली. गृहस्थांचा फॉर्म हातात होता, पण त्यातलं एक अक्षर दिसेना. आणि काय बोलावं ते न सुचून तोंडातून तुझंच वाक्य निघालं. रोज संध्याकाळी इस्त्री थंड व्हायला ठेवून, माझी वही हातात घेऊन तू म्हणायचीस ते.

"तिसऱ्या ओळीत चूक आहे."

कोणती चूक, हे गृहस्थांनी विचारलंही नाही. लगेच पेन काढलं, तिसऱ्या ओळीतली तारीख खोडून दुसरी घातली आणि वर म्हणाले, "अजून काही बदलायचंय का, मॅडम?"

मग मी बाबांना बोलावलं आणि त्यांच्या फॉर्मवर बोट ठेवून तेच म्हटलं. त्यांनी तो तीनदा वाचला, नाक खाजवलं. "चूक नाही, बाई. अक्षर वाईट आहे, ते मात्र कबूल."

मी कॅमेरा दोघांच्या मध्ये ठेवला आणि उघडायला सांगितला. गृहस्थ झाकणाशी झटापट करत राहिले. बाबांनी खालून दोन चापट्या मारल्या आणि ते उघडलं. गृहस्थांना एकदम त्यांच्या बसची वेळ आठवली. बाबांनी मला हात जोडले तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी माझा एक फोटो काढून दिला. त्यात मी चोरासारखी दिसते. सोबत ठेवला आहे.

पुस्तिका साहेबांना परत केली. आत्या, मला शाळेत घातलंस तू आणि शिकवलंसही तूच. मास्तर आपले मध्ये उभे होते. हे तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते.

तुझी भाची

ता. क. पत्र पेटीत टाकत नाही. रविवारी घेऊन येते आणि मीच वाचून दाखवते, तुझ्या कोपराला कागद धरायचा त्रास नको. पुढच्या महिन्यात खात्याची परीक्षा आहे; पास झाले तर नोकरी कायम, नाहीतर घरी. म्हणून विनंती, की महिनाभर माझ्याकडे राहायला ये आणि पूर्वीसारखी समोर बसून माझी वही तपास.

आणखी एक ता. क. मागच्या पाकिटात तुला लिहिलेल्या पत्राऐवजी चुकून ऑफिसची यादी गेली. पत्र माझ्याच खणात सापडलं. फोनवर तू म्हणालीस, "दोनदा वाचलं गं. दुसऱ्यांदा तर रडूच आलं." यादीत होतं काय, तर बेचाळीस छत्र्या, त्यातल्या एकोणतीस काळ्या. मला वाटलं, मायेपोटी म्हणालीस. बुधवारी न वाचलेला फॉर्म हातात धरून उभी होते, तेव्हा उजेड पडला. दहा वर्षं वही तुझ्या हातात असायची आणि तू वाचायचीस माझं तोंड. (एकदा वही उलटी होती. मी म्हटलं, दमली असेल.) आणि चूक मला दर वेळी सापडायची.

हा ता. क. मी वाचून दाखवणार नाही. वरच्या विनंतीपाशी थांबेन, कागदाची घडी घालेन आणि 'संपलं' म्हणेन. तू चष्म्यावरून बघशील आणि विचारशील, "शेवटच्या ओळी राहिल्या ना गं?" तेव्हा माझा हात नाकाकडे गेलेला असेल.