शेळी, फौजदार आणि आत्याची पाटी

आत्या, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझे गुडघेसुद्धा तुझ्यासारखे कुरकुरायला लागलेत, आणि मी बसलेय तुला लिहीत. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. तिसरीतनं काढून मला चुलीपुढं बसवली ती तूच. आई गेली आणि तू कोल्हारला आमच्या घरात आलीस, कमरेला चाव्या, दाताला मिश्री, आणि तोंड असं की दारातलं कुत्रं पण तुला बघून उठून जायचं. तरी लिहिते, कारण तुला सांगितल्याशिवाय गंमत पुरी होत नाही. मी तुझ्यावर सूड उगवलाय. चांगला पोटभर.

तुला आठवतं का, अण्णा रविवारी स्टँडवरनं पेपर आणायचे? अण्णांचा वाचून झाला की मागचं पान माझं. त्यात ती शेळी यायची. चार चौकटी, बास. पहिल्या चौकटीत जाडा फौजदार मिशीला पीळ देतो, दुसरीत शेळीवर ओरडतो, तिसरीत पाठ फिरवतो, आणि चौथीत शेळी त्याचं काहीतरी खाऊन बसलेली असते. कधी टोपी, कधी पट्टा, एकदा तर अर्धी चड्डी. दर रविवारी तेच, तरी दर रविवारी मी हसून हसून आडवी. शाळेतनं काढल्यावर जे काही वाचायला शिकले ते त्या फुग्यांतली अक्षरं जोडून जोडून. कात्रीने कापून ती चित्रं माझ्या वळकटीखाली ठेवायचे. माझं म्हणावं असं घरात तेवढंच होतं. परकर पण तुझ्या जुन्या लुगड्याचा.

आणि तो उन्हाळा. मी प्रवरेवरनं धुणं घेऊन येते, तर अंगणात घमेलं, घमेल्यात पाणी, पाण्यात मेथ्या, आणि मेथ्यांबरोबर माझी सगळी शेळी. घरोघरी उन्हाळ्यात बायका चिकटपणाला मेथ्या घालून कागद भिजवायच्या, कुटायच्या, लगदा पालथ्या टोपल्यावर थापून पाट्या करायच्या, हे काय मला ठाऊक नव्हतं होय? पण माझीच चित्रं? मी रडायला लागले तर तू म्हणालीस, "कागूद हाय त्यो. कागदाचं काय करत्यात? पाटी करत्यात. रडतीस कशापायी, शेळी काय दूध देत हुती व्हय?" वर मुसळ माझ्याच हातात दिलंस. कुटताना एकदा शेळीचा कान वर आला, तोही मीच कुटला. एवढ्यावर तरी थांबायचंस! माझ्या लग्नात रुखवतात तीच पाटी मांडलीस, आणि वऱ्हाडातल्या बायकांना सांगत सुटलीस, "पोरीनं सोताच्या हातानं केलीया." मी मुंडावळ्यांतनं तुझ्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, थांब आत्या, एक दिवस.

तो दिवस यायला मला आजी व्हावं लागलं. शेळी पेपरातनं कधी गेली कुणाला कळलंही नाही, पण माझ्या डोक्यात ती चरतच होती. इथं श्रीरामपूरला एका संध्याकाळी वीज गेली, नातीचा मोबाईल बंद पडला, ती भोकाड पसरून बसली. म्हटलं, ये, तुला शेळी सांगते. मी सांगितली, तिने जुन्या कॅलेंडरच्या मागं चार चौकटी आखून काढली. दुसऱ्या दिवशी गल्लीतली चार पोरं आली, मग ओटाच भरला. आणि तेव्हा मला सुचलं. फौजदाराला दिली सुट्टी आणि तिथं आणली एक आत्या. लांब नाक, कमरेला चाव्या. शेळीनं तुझी मिश्री खाल्ली आणि शिंकून शिंकून तुझं लुगडं उडवलं. तुझा अंबाडा खाल्ला, भोपळा समजून. दर दोन दिवसांनी तू लगद्याच्या घमेल्यात बसकण मारतेस, आणि पोरं ओट्यावर लोळतात. काय सुख वाटतं म्हणून सांगू! मधुमेहाच्या गोळीनं वाटत नाही एवढं. सूनबाई म्हणाली, "आई, कोन हो ही आत्या? तुमी तिच्यावर लईच तुटून पडता." मी म्हटलं, हाय एक.

मग मागच्या आठवड्यात मला वाटलं, आता शेवटचा घाव. तुला नगरच्या एस्टीत बसवलं. चौथ्या चौकटीत नुसता धुरळा. कायमची गेलीस. मी पदर झटकून उठले, तर पोरं जागची हलेनात. नात म्हणाली, "आजी, आत्या परत कधी येणार?"

"नाही येणार. गेली."

"मग शेळीला ओरडणार कोण?"

मी म्हटलं, फौजदार आहे की. दुसऱ्या दिवशी फौजदाराला आणलं, शेळीनं त्याची टोपी खाल्ली. कुणी हसलं नाही, आत्या. एक जण तर निम्म्यातनं उठून खेळायला गेला. काल नातीने मला न विचारताच चित्र काढलं: एस्टीच्या टपावर शेळी उभी, आणि खिडकीतनं तू मान बाहेर काढून तिला शिव्या देतेस. सगळा ओटा हसला. मी पण हसले, ठसका लागेपर्यंत.

तेव्हा उद्या तुला परत आणावं लागतंय. हुरळून जाऊ नकोस, घमेल्यात पडायचंच आहे. हे पत्र काही धाडत नाही, तू पत्ता ठेवून गेलीस कुठं! शिवाय कागदाचं काय करायचं ते तू शिकवलंयस. रुखवतातल्या पाटीला उंदरानं भोक पाडलंय, नात म्हणते, "नवी करू या." आज पेपर भिजत घातले, हा कागद पण त्यातच जाईल. मेथ्या किती घालायच्या ते मात्र काही केल्या आठवेना. शेवटी कुणी ऐकत नाही बघून तुझा आवाज काढला आणि स्वतःलाच विचारलं. "दोन मुठी गं भवाने, आनि किती?" असं झटक्यात तोंडातनं आलं.

दोनच घातल्या.