सपाट पट, उभा पट

गुरुवार, १६ जानेवारी

बोललो. सगळ्यांसमोर! लॉर्ना किवेला, शाळेची बस चालवते, नोव्हेंबरपासून आमच्या बुद्धिबळ क्लबात येते. तिला तोंडावर विचारलं, "सोमवारी तुमच्या नावाने कोण खेळतं? तुम्ही, की खेळी सुचवणारं मशीन?"

विचारणं भागच होतं. सोमवारी आम्ही सगळे आपापल्या घरून नेटवर खेळतो. तिथे ही बाई मला धूळ चारते, क्लबातल्या डगला चारते. आणि गुरुवारी, हॉलमध्ये, लाकडी पटावर? वजीर फुकट देऊन बसते! आजही दिला. समोरचा उंट कोपऱ्यातून तिरका रोखलेला. शेंबड्या पोरालाही दिसला असता.

ती म्हणाली, "मी कॉम्प्युटरवरच शिकले हो. सपाट पटावर. इथे ह्या उभ्या सोंगट्या एकमेकींच्या मागे लपतात. मला तिरकं दिसतच नाही."

डग फिसकन हसला. मग मीही. तिने कोट चढवला, बुटांच्या नाड्या न बांधताच गेली.

हॉल आवरताना क्लाइव्ह म्हणाला, "विल्फ, घाई केलीस." मी म्हणालो, "सेक्रेटरी कोण — तू का मी?" इतक्या वर्षांचा दोस्त, आणि बाजू तिची घेतो!

शनिवार, १८ जानेवारी

क्लाइव्ह आला, गुलाबी आयसिंगचे पर्शियन बन घेऊन. खाता खाता विचारतो, "तुझ्या कॉम्प्युटरवर पट कुठला लावतोस रे?"

थ्रीडीच! अक्रोडाचं लाकूड, सोंगट्यांच्या सावल्यांसकट. शाळेत जन्मभर सुतारकाम शिकवलं मी. क्लबातले पटही माझ्याच हातचे. सपाट पट म्हणजे पेपरच्या कोपऱ्यातलं कोडं!

"मग आज सपाट लाव. कॉम्प्युटरशीच, नेहमीच्या पातळीवर खेळ. मी बघतो."

एक बटण दाबायचं. दाबलं. — काय सांगू! नुसती चित्रं. सगळी एका उंचीची, राजा प्याद्याएवढा. घोडा कुठे जाईल ते बोटाने मोजायची पाळी आली. आधी हत्ती गेला. मग वजीर. फुकट.

वाटलं, आता क्लाइव्ह हसणार. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे ती खरंच सांगत होती.

रविवार, १९ जानेवारी

चर्चला गेलो नाही. डग भेटला असता.

मंगळवार, २१ जानेवारी

लॉर्नाकडे गेलो. दारातला बर्फ उपसत होती. पर्शियनचा खोका पुढे केला आणि म्हणालो, "जरा गैरसमज झाला."

"कुणाचा?"

"...आमचा."

"आमचा? बोललात तर तुम्ही एकटे." फावडं थांबलं नाही. "आणि इथे कशाला सांगताय? इथे, माझ्या दारात, मला लबाड कुणी म्हटलं नव्हतं."

खोका घेऊन परत आलो. गाडीत बसून त्यातला एक खाल्ला. लाज तरी कशी वाटली नाही? वाटली. तरी खाल्ला.

गुरुवार, २३ जानेवारी

आज बोलायचं ठरवून गेलो. उभा राहिलो, घसा खाकरला — आणि कॉफीचे कप ज्याचे त्याने धुवावेत, एवढं सांगून खाली बसलो. भित्रा.

गुरुवार, ३० जानेवारी

सांगितलं एकदाचं. "लॉर्नावर मी खोटा आळ घेतला. चूक माझी. तिची नाही." पुढे सुचवलं की तिला हॉलमध्ये लॅपटॉप आणू द्या. ती सपाट पट बघेल, समोरचा लाकडी बघेल, खेळी तोंडाने सांगायच्या. ज्याला जो पट दिसतो तो.

डग म्हणाला, "वा! म्हणजे मशीन आता थेट टेबलावरच!"

सगळे हसले. अगदी त्या दिवशीसारखं. त्यांना काय बोलणार? सुरुवात माझीच. क्लाइव्ह तेवढा मान खाली घालून सोंगट्या पेटीत भरत होता.

शुक्रवार, ३१ जानेवारी

लॉर्नाला फोन केला. झालं ते सांगितलं, डगच्या बोलण्यासकट. म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येते. लॅपटॉप नको. मला एक खुर्ची ठेवा — पटाकडे पाठ करून."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आली. फोन डगच्या हातात दिला. कॉफीच्या मशीनकडे तोंड करून बसली, हात मांडीवर, डोळे मिटलेले. "असं बसलं की माझा पट मला दिसतो," म्हणाली, "सपाट."

समोर मी. माझाच पट, माझ्याच सोंगट्या, वर लख्ख दिवा. मी खेळी मोठ्याने सांगायचो, ती पाठ न वळवता उत्तर द्यायची. डगने आधी दोन विनोद केले. मग खुर्ची जवळ ओढली. मग सगळ्यांनीच ओढल्या. माझा हत्ती अडकलाय हे तिला पाठमोरीला दिसलं, मला दिसलं नाही! शेवटी ती हळूच म्हणाली, "घोडा पुढे टाकते. शह. आता तुमच्या राजाला घर नाही." मी शोधलं. खरंच नव्हतं.

राजा आडवा केला. डगने तिचा फोन दोन्ही हातांनी परत दिला. "चुकलो, बाई."

तिने वळून पटाकडे पहिल्यांदा बघितलं. "बाप रे, एवढी गर्दी! ह्यात तुम्हाला दिसतं तरी कसं?" आणि हसली. मी हसू शकलो नाही. पण घरी येताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. संपलं एकदाचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

क्लाइव्ह आला. कोट काढेना. दारातच म्हणाला, "सोमवारी मशीन मी लावतो, विल्फ. तुझ्याशी खेळताना. बऱ्याच दिवसांपासून." मग, "सगळ्यांना सांगणार?"

मी म्हणालो, "आधी आत ये. कॉफी घे. आपल्या दोघांतच राहू दे."